बारा चकत्यांचं पाणी

१

सोमवारी सकाळी साडेनऊला श्रुतीने उष्णपेटीचं दार उघडलं, तेव्हा बाराच्या बारा बशा आपापल्या जागी होत्या. झाकणं बंद होती. आतलं पाणी नितळ होतं. नव्हत्या त्या फक्त चकत्या.

"मॅडम, जरा इकडे येता?" तिने हाक मारली. तो आवाज ऐकून भैरवी शिरोळकर शेजारच्या मापन कक्षातून हातातलं भिंग पुसायचं फडकं तसंच घेऊन आल्या.

उचगावच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या छोट्या संशोधन केंद्रात भैरवीताई सव्वीस वर्षं एकच काम करत होत्या. एखाद्या वस्तूतून उजेड किती पलीकडे जातो, ते मोजायचं. काच मोजली, प्लास्टिक मोजलं, एकदा एका गुऱ्हाळवाल्याने हौसेने आणलेली काकवीसुद्धा मोजली. गेली तीन वर्षं त्या रेशीम मोजत होत्या.

रेशमाचे कोष सोड्याच्या पाण्यात उकळायचे, त्यांचा डिंक काढून टाकायचा, उरलेला धागा विरघळवायचा, त्यात डोळ्याला न दिसणारे काचेचे कण मिसळायचे आणि बशीत ओतून सुकवायचं. मग नखाएवढी पारदर्शक चकती तयार व्हायची. बुबुळाला जखम झाली, की तिच्यावर ही चकती बसवायची; जखम भरत राहील आणि माणसाला चकतीतून दिसतही राहील, असा बेत होता. बुधवारी मिरजेहून डोळ्यांचे डॉक्टर चकत्या बघायला येणार होते. तीन दिवस मिठाच्या पाण्यात राहूनही चकती शाबूत राहते, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

"चोरी झालीय," श्रुती म्हणाली.

श्रुती हुपरीकर केंद्रात चार वर्षं संशोधन करत होती. हुशार, नीटनेटकी मुलगी. आज मात्र तिचे केस धड विंचरलेले नव्हते.

संचालक डॉ. उन्मेष देशिंगकर दोन मिनिटांत आले. बशांकडे एकदा पाहून त्यांनी विचारलं, "शेवटच्या कुणी पाहिल्या?"

"मी, सर. शनिवारी दुपारी तापमान बघायला पेटी उघडली होती. तेव्हा बाराही होत्या."

"त्यानंतर कोण आलं?"

गेटवरची वही मागवली गेली. शनिवारी श्रुतीनंतर कुणी नाही. रविवारी एकच सही: केंद्रातच पीएच.डी. करणारा प्रसेनजीत शिंगे, सकाळी अकरा दहा ते साडेअकरा.

उन्मेष सरांनी वही मिटली. "सकाळी गेटवर बाळासो मला म्हणाला, 'पुण्याचं पावणं परवा, शिंगेसायबांकडं.' तेव्हा मी लक्ष दिलं नाही. परवा म्हणजे शनिवारी. पुण्यातल्या दोन कंपन्या या चकतीवर टपून बसल्यात, हे तुम्हाला माहीत आहे."

तेवढ्यात दारात प्रसेनजीत उभा राहिला. मुरगूडच्या एसटीतून उतरून तो थेट आला होता, खांद्याला बॅग तशीच होती.

"ती बॅग इकडे दे," सर म्हणाले.

२

बॅगेतून एक डबा, चार्जर, प्रबंधाचे कागद आणि आईने दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची पुडी निघाली. टेबलावर ते सगळं मांडलं गेलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. भैरवीताईही बोलल्या नाहीत. ते त्यांना नंतर बराच वेळ आठवत राहिलं.

"नखाएवढ्या चकत्या आज कशाला बॅगेत राहतील," सर म्हणाले. "पुण्याच्या माणसाशी तुझा काय व्यवहार आहे?"

"कुठला माणूस, सर?"

"शनिवारी आला होता तो."

"शनिवारी मी मुरगूडला होतो. काल प्रबंधाची प्रत न्यायला आलो आणि गेलो. पेटीला हात लावला नाही. तीन दिवस उघडायची नाही असं आपलंच ठरलंय."

"हे सगळं तू पोलिसांना सांग. पाच वाजता माझं पत्र निघेल. शिष्यवृत्ती थांबवण्याचं एक, आणि तक्रारीचं दुसरं." सर वळले आणि थांबले. "वाईट वाटतं मला. खरंच."

ते गेल्यावर प्रसेनजीतने चटणीची पुडी उचलून परत बॅगेत ठेवली. त्याच्या घरात पीएच.डी.पर्यंत पोचलेला तो पहिलाच. प्रबंध जमा करायला सहा आठवडे राहिले होते. चोर म्हणून एकदा कागदावर नाव लागलं, की त्या सहा आठवड्यांना काही अर्थ उरणार नव्हता.

"मॅडम," तो एवढंच म्हणाला, "तुम्हालाही वाटतं?"

भैरवीताईंना कुणाला धीर देता येत नसे. त्यांना मोजता येई. "बशा माझ्याकडे घेऊन ये," त्या म्हणाल्या. "पाणी सांडू नकोस."

आपल्या कक्षात त्यांनी आधी कपाटातून एक छोटी बाटली काढली. महिन्याभरापूर्वीच्या खेपेतली एक चकती त्यांनी स्वतःसाठी मिठाच्या पाण्यात ठेवून दिली होती. नव्या मापांशी ताडून बघायला काहीतरी स्थिर हवं असतं म्हणून. बाटली त्यांनी उजेडात धरली. आत काहीच नसल्यासारखं दिसत होतं. ओली चकती पाण्यात अशीच दडते. चिमटा घालून चाचपलं तेव्हा टोकाला मऊसर काहीतरी लागलं आणि चकती वर आली.

मग त्यांनी बाराही बशा तशाच चाचपल्या. एकेका बशीचा कोपरा न् कोपरा. चिमट्याला काही लागलं नाही.

"म्हणजे नाहीतच," प्रसेनजीत म्हणाला.

"चकत्या नाहीत," भैरवीताई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीचा पडदा ओढला.

एका पेल्यात त्यांनी बाटलीबंद सलाईन ओतलं आणि बाजूने टॉर्चचा बारीक झोत सोडला. झोत पाण्यात शिरला आणि पलीकडच्या भिंतीवर उमटला. पाण्यात त्याचा मागमूसही नव्हता. मग त्यांनी पहिल्या बशीतलं पाणी दुसऱ्या पेल्यात घेतलं. आता झोताची निळसर रेघ पाण्यात आरपार उभी राहिली, कौलातून येणारा कवडसा दिसावा तशी.

दुसरी बशी. तिसरी. बाराव्या बशीपर्यंत तेच.

शेवटी त्यांनी थोडं पाणी परीक्षानळीत घेऊन अंगठ्याने तोंड दाबलं आणि जोरात हलवलं. वर डाळीच्या उतासारखा फेस आला. दोन मिनिटं झाली तरी तो बसला नाही.

"सलाईनला फेस येत नाही," प्रसेनजीत हळूच म्हणाला.

"येत नाही. रेशमाला येतो. आणि ती रेघ काचेच्या कणांची." भैरवीताईंनी पडदा सारला. "चकत्या कुणी नेल्या नाहीत, प्रसेनजीत. त्या इथेच आहेत, या पाण्यात."

३

यावर प्रसेनजीतचा चेहरा उजळायला हवा होता. तो आणखीच पडला.

"हे होऊच शकत नाही, मॅडम. वाफ दिलेली चकती विरघळत नाही."

केंद्रात हे सगळ्यांना पाठ होतं. नुसती सुकवलेली चकती पाण्यात पडली, की तासाभरात साखरेसारखी नाहीशी होते. तीच एक रात्र दमट वाफेत बंद करून ठेवली, की तिच्यातल्या रेणूंना इस्त्रीसारखी पक्की घडी पडते, आणि मग ती महिनोन्महिने पाण्यात टिकते. भैरवीताईंच्या बाटलीतली टिकली होती तशी.

"वाफ दिली होती, हे तुला कुणी सांगितलं?"

"चिठ्ठीने. शुक्रवारी संध्याकाळी मी वाफेच्या डब्यातून बशा काढल्या. डब्याच्या झाकणावर ललिताताईंची चिकटपट्टी होती. त्यांच्याच अक्षरात. 'चकत्या १ ते १२. वाफ परवा.' मी हिशोब केला, शुक्रवारच्या परवा म्हणजे बुधवारी. ललिताताई बुधवारपर्यंत होत्या, संध्याकाळी आजऱ्याला गेल्या. बशा कधी ओतल्या ते मला ठाऊक नव्हतं, पण बाकी सगळं जुळत होतं. म्हणून सलाईन ओतलं, पेटीत ठेवलं आणि गाडी पकडली."

ललिता ही केंद्राची प्रयोगशाळा सहायक. आजऱ्याला काजूच्या कारखान्यात दहा वर्षं काजू वाफवून ती इथे आली होती. वाफेचा अंदाज तिच्याइतका कुणालाच नव्हता. त्या डब्याला ती कुकर म्हणायची. बशा त्या डब्यातच दोन दिवस झाकण किलकिलं ठेवून सुकत, मग तळाला पाणी घालून झाकण लावलं, की वाफ. भाच्याच्या जावळासाठी ती गेली होती आणि आज रात्री परतणार होती.

भैरवीताईंनी तिला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच.

मग त्या डब्यापाशी गेल्या. झाकणावर चिठ्ठी नव्हती. त्यांनी झाकणावरून बोट फिरवलं. एका जागी, दोन बोटं रुंद, चिकटपणा लागला आणि त्यावर बसलेली धूळही. ललिता प्रत्येक चिठ्ठी काढल्यावर ती जागा स्पिरिटने पुसून काढायची. न पुसलेलं झाकण तिला चालत नसे.

श्रुती आपल्या टेबलाशी बसून होती. समोर संगणक सुरू होता, पण पडद्यावरचं पान मघापासून हललं नव्हतं.

"श्रुती, डब्यावर ललिताची चिठ्ठी होती का गं?"

"नाही, मॅडम. मी तरी पाहिली नाही."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी मी दुपारी दोनला गेले. त्या जर्मनीच्या शिष्यवृत्तीची ऑनलाइन मुलाखत होती, इथलं नेट मध्येच तुटतं म्हणून घरून दिली." ती थोडी हसली. "सरांचं शिफारसपत्र गुरुवारपर्यंत पोचलं, की झालं."

"बरी झाली मुलाखत?"

"हो. छान झाली."

"आणि शनिवारी तू चकत्या पाहिल्यास."

"बाराही. झाकणातूनच दिसत होत्या. चकाकत होत्या."

भैरवीताईंनी मान हलवली आणि त्या आपल्या कक्षात परत आल्या. स्टुलावर बसून त्यांनी कागदाच्या एका बाजूला लिहिलं: पाणी म्हणतं, वाफ दिलेली नव्हती. दुसऱ्या बाजूला लिहिलं: चिठ्ठी म्हणते, वाफ दिली होती. पाणी खोटं बोलत नाही, हे त्यांना सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून ठाऊक होतं. आणि ललिताही खोटं लिहिणारी नव्हती.

घड्याळात दोन वाजून गेले होते. दोन्ही खरं असेल, तर मग चुकतंय काय?

४

साडेतीनला भैरवीताई गेटवर गेल्या. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावरून खडखडत चालली होती आणि कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड धूर हवेत होता. बाळासो खुर्ची सावलीत ओढून बसला होता. त्यांना पाहून उठला.

"बसा हो, बाळासो. एक विचारायचं होतं. शनिवारी प्रसेनजीतकडे पुण्याचे कोण आले होते?"

"शनवारी?" बाळासोने टोपी मागे सारली. "शनवारी कोन बी न्हाय आलं, ताई. त्या हुपरीकर बाई तेवढ्या आलत्या बाराच्या सुमारास. अर्धा तास बसल्या आन् गेल्या. लई कायतरी बिनसल्यागत दिसत हुत्या. च्या इचारला तर न्हाय म्हनल्या."

"पण तुम्ही सरांना सांगितलंत ना, पुण्याचं पावणं परवा म्हणून."

"व्हय. सांगितलं की."

"मग?"

"मग काय? येनार हाईत न्हवं परवा. बुधवारी. त्या मिरजंच्या डाक्टरांसंगटच. नवीन मशीन दावायला कोन येनार हाय म्हनं, शिंगेसायबांच्या नावानं फोन आलता गेटावर. सायेब गाडीत हुते, काच निम्मी खाली. म्या म्हनलं, पुण्याचं पावणं परवा. ते म्हनले बरं, आन् गेले." तो थांबला. "का, काय झालं? म्या काय वंगाळ बोललो का?"

"नाही, बाळासो," भैरवीताई म्हणाल्या. "तुम्ही बरोबर बोललात. ऐकणाऱ्याने उलटीकडे ऐकलं."

हे म्हणता म्हणताच त्या जागच्या जागी थबकल्या. ट्रॅक्टर गेला, दुसरा आला. बाळासो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

परवा. गेलेला आणि येणारा, दोन्ही दिवसांना आपण एकच शब्द वापरतो. बोलताना त्याच्यामागे 'आला' किंवा 'येणार' असतं, म्हणून कुणाचं अडत नाही. पण काचेतून घाईने ऐकताना 'येणार' पडून जातं. आणि दोन बोटं रुंद पट्टीवर लिहिताना 'द्यायची' लिहायला जागा उरत नाही.

बुधवारी लिहिणाऱ्याचा परवा म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी वाचणाऱ्याचा परवा म्हणजे बुधवार.

"ताई, पानी आनू का?" बाळासोने विचारलं.

"नको. पाण्याचं कोडं सुटलं," भैरवीताई म्हणाल्या. इतक्या वर्षांत बाळासोने त्यांना चालताना पाहिलं होतं. आज त्या जवळजवळ धावत गेल्या.

५

जिन्यातच त्यांचा फोन वाजला. ललिता. आजऱ्याहून निघालेली गाडी रेंजमध्ये आली होती.

"ताई, तुमचं दोन मिस कॉल. काय जळलं-बिळलं का काय?"

"काही जळलं नाही. ललिता, बुधवारी तू डब्यावर चिठ्ठी लावलीस?"

"व्हय की. वाफ परवा म्हनून."

"तू वाफ दिली नव्हतीस?"

"मी कशी देनार? बुधवारी सकाळी तर वतल्या. वल्ल्या हुत्या नुसत्या. दोन दिस सुकायला नगं? शुक्रवारी द्यायची हुती. श्रुतीताईंची पाळी हाय शुक्रवारी, त्यास्नी तोंडानं बी सांगून आलते. का? दिली न्हाय व्हय त्यांनी?"

भैरवीताई उरलेल्या पायऱ्या चढून आत आल्या. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता होता. शुक्रवार, डबा व वाफ: श्रुती.

"ताई?"

"सावकाश ये, ललिता. आल्यावर बोलू."

श्रुती अजून तिथेच होती. भैरवीताईंनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसल्या. त्यांचा आवाज नेहमीइतकाच खालचा होता.

"शनिवारी तू काय पाहिलंस, श्रुती?"

"सांगितलं ना, मॅडम. चकत्या."

"ओली चकती झाकणातून दिसत नाही. चकाकते ती कोरडी. आपल्याला दोघींनाही हे माहीत आहे." त्या थांबल्या. "आणि या चकत्या शुक्रवारी रात्रीच विरघळल्या होत्या. मी बाराही बशांचं पाणी तपासलंय. म्हणजे शनिवारी तिथे बघण्यासारखं पाणीच होतं. तू पाणी पाहिलंस. मग डब्यावरची चिठ्ठी पाहिलीस. आणि तुला शुक्रवारची पाळी आठवली."

श्रुतीने संगणकाचा पडदा बंद केला.

"मुलाखतीच्या नादात विसरले," ती शेवटी म्हणाली. "खरंच विसरले, मॅडम. शनिवारी आठवलं म्हणून तर धावत आले. वाटलं, आत्ता देते वाफ, रविवारी काढून मीच सलाईनमध्ये घालते. बघते तर प्रसेनजीत सलाईन ओतून मोकळा झालेला. त्याला तर काय, चिठ्ठी वाचून वाटलं असणार..." ती थांबली. "एवढंच सांगायचं होतं मला, चूक झाली म्हणून. पण पत्र गुरुवारपर्यंत हवं होतं. चिठ्ठी काढली, की कुणाला कळणार नाही असं वाटलं. चकत्या गेल्या कुठे, हे कोडंच राहील. त्याचं नाव येईल असं वाटलं नव्हतं."

"आज सकाळी आलं."

"हो."

"बॅग उघडली तेव्हा तू तिथे होतीस."

श्रुतीने पर्स मांडीवर ओढली.

"मीही होते," भैरवीताई म्हणाल्या. "विसरणं ही चूक आहे, श्रुती. चूक होते. चकत्या पुन्हा ओतता येतात. 'शनिवारी पाहिल्या' हे मात्र चुकीत बसत नाही." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजून वीस मिनिटं झालीत. मी पावणेपाचला सरांकडे जाणार आहे. त्याआधी तू गेलीस, तर मला बोलायला काही उरणार नाही."

श्रुतीने पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून तिने दुमडलेली चिकटपट्टी काढली. स्वतःलाच चिकटून तिची गुंडाळी झाली होती. तिने ती नखाने सोडवली. ललिताचं ठळक, गोल अक्षर: वाफ परवा.

६

भैरवीताई पावणेपाचला सरांच्या खोलीत गेल्या तेव्हा श्रुती बाहेर पडत होती. तिचे डोळे लाल होते, पण मघापेक्षा ती सरळ चालत होती. टेबलावर ती पट्टी होती आणि तिच्या शेजारी दोन छापील पत्रं, सहीच्या जागा कोऱ्या.

प्रसेनजीतला बोलावून घेतलं होतं. तो दाराजवळ उभा होता.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पुण्याचा माणूस बुधवारी यायचाय. बाळासोला आत्ता विचारलं मी." दोन्ही पत्रं त्यांनी उचलली, आडवी फाडली, मग उभी. "झालं ते झालं. गैरसमज होता. शिंगे, तू मनात ठेवू नकोस."

प्रसेनजीतने मान हलवली. ती होकाराची होती की नुसती, ते भैरवीताईंना कळलं नाही.

"आता बुधवारचं काय करायचं?" सर म्हणाले. "नव्या चकत्या सुकायलाच दोन दिवस. डॉक्टरांना काय दाखवणार आपण, बारा बशा पाणी?"

"माझ्या कपाटात एक चकती आहे," भैरवीताई म्हणाल्या. "एकतीस दिवस सलाईनमध्ये आहे. आज सकाळी पुन्हा मोजली. उजेड ब्याण्णव टक्के, पहिल्या दिवशी होता तेवढाच. तीन दिवसांच्या बारांपेक्षा एकतीस दिवसांची एक बरी. आणि शेजारी हे पाणीही ठेवू. वाफेशिवाय काय होतं, ते त्यांना समजेल."

सरांच्या चेहऱ्यावर दिवसात पहिल्यांदा थोडा रंग आला. "उत्तम. मग सुटलं सगळं."

"सर," प्रसेनजीत म्हणाला.

"बोल."

"माझी बॅग तपासली, ते नोंदवहीत लिहायचं राहिलं."

सरांनी फाटलेल्या पत्रांकडे बोट दाखवलं.

"अरे, पत्रं फाडली ना मी तुझ्यासमोर."

"पत्रं गेलीच नव्हती, सर. बॅग उघडली होती. आठ माणसांच्या केंद्रात एकाचीच. उद्या कुणी म्हणेल, शिंगेची झडती झाली होती, काय होतं कुणास ठाऊक. ते कळायला कुठे काही लिहिलेलं नाही."

"बरं बरं. लिहू नंतर."

"नंतर म्हणजे कधी, सर?"

तो हे चढ्या आवाजात म्हणाला नव्हता. विचारायचं म्हणून विचारलं होतं, कोष किती मिनिटं उकळायचे असं विचारावं तसं. सरांची नजर टेबलावरच्या पट्टीकडे गेली. दोन शब्द. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि नोंदवही पुढ्यात ओढली.

"सांग."

"सोमवार. पुढे तारीख घाला. सकाळी पावणेदहा. प्रसेनजीत शिंगे यांची बॅग तपासली. काही सापडलं नाही."

सर लिहीत गेले. पेन एकदा अडलं, मग पुढे सरकलं.

"इतर कुणाची तपासली नाही," प्रसेनजीत म्हणाला.

 बाहेर ट्रॅक्टरची खडखड आली आणि विरली. मग सरांनी तेही लिहिलं आणि खाली सही केली.

भैरवीताईंनी वही आपल्याकडे वळवली. सहीखाली त्यांनी बारीक, सुटसुटीत अक्षरात भर घातली: "मी हजर होते. काही बोलले नाही." त्याखाली आपलं नाव लिहिलं, वार लिहिला, तारीख लिहिली, आणि वेळ बघायला घड्याळाकडे मान वळवली.

पाचला दोन मिनिटं कमी होती. त्यांनी तेवढीच लिहिली.